‘सोडणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आणि एक अनुबोधपट

मराठीतील ‘सोडणे’ हे क्रियापद दोन परस्परभिन्न कृती सांगते. पिंजऱ्यातील पाखरू सोडले, यात मुक्तता आहे. आईने पिल्लू सोडले, यात त्याग आहे. वन्य पिल्लांच्या संगोपनावरील अनुबोधपटाची कसोटी या दोन अर्थांच्या सीमेवर लागते. कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘दि एलिफंट व्हिस्परर्स’ (2022) हा 2023 चे ऑस्कर पारितोषिक लाभलेला लघुपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

तमिळनाडूतील मुदुमलै अरण्यात, थेप्पकाडू येथील हत्तींच्या छावणीत, बोम्मन आणि बेळ्ळी हे रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिल्लाचे संगोपन करतात. त्याला कळपात परत मिसळण्याचे प्रयत्न फसलेले असतात. चित्रपटाचे मर्म या दोघांच्या संबोधनात आहे. सोलापूरच्या सात रस्त्यावर मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दूही कानी पडतात. न कळणाऱ्या भाषेतील माया केवळ स्वरावरून ओळखण्याचा सराव तेथील श्रोत्यास असतोच. तमिळ न जाणणारा असा श्रोताही बोम्मनचे बोलणे आर्जवाचे की दटावणीचे, हे सहज सांगू शकेल.

तथापि हेच सामर्थ्य चित्रपटाची मर्यादा ठरते. वाढलेला रघू दुसऱ्या पालकाकडे सोपविला जातो, तेव्हा चित्रण दांपत्याच्या दुःखापाशीच थांबते. रघू मुक्त झालेला नाही. त्याचा केवळ सांभाळणारा बदलला आहे. वात्सल्याच्या भाषेत हा भेद पुसट होतो. मनुष्याच्या हाकेला ओ देणारा जीव रानात परतू शकेल काय, या प्रश्नाला पुरेसा अवकाश मिळत नाही.

वस्तुतः मुक्ततेसाठी केलेल्या संगोपनात मौनाला मोठे स्थान आहे. अमेरिकेत व्हूपिंग क्रेन या क्रौंचाची पिल्ले वाढविताना सेवक पांढरा वेष पांघरतात, मनुष्यस्वर टाळतात आणि क्रौंचाच्या मस्तकासारख्या बाहुलीने त्यांना भरवितात. कारण पिल्लू प्रथम ज्याला पाहते त्यालाच आपले मानू लागते. सोलापूरकरांना हा प्रश्न दूरचा नाही. नान्नजचे अभयारण्य ज्याच्यासाठी 1979 मध्ये निर्माण झाले, त्या माळढोकाची पिल्ले 2019 पासून राजस्थानातील केंद्रात वाढविली जात आहेत. त्यांच्यावर उद्या चित्रपट निघालाच, तर त्याला प्रेमळ संबोधनाइतकेच हे कठोर मौनही ऐकविता आले पाहिजे. त्याखेरीज ‘सोडणे’ या शब्दाचा पहिला अर्थ पडद्यावर सिद्ध होणार नाही.