डबा की फळ्यावरची चौकट?

संगणकाची भाषा शिकवणारी प्राथमिक पुस्तके चाळली, तर दुसरे किंवा तिसरे प्रकरण बहुधा एकाच विषयाचे असते : चल आणि माहितीचे प्रकार. शाळा-महाविद्यालयांत एके काळी बेसिक होती, मग सी आली, आता पायथन आहे. भाषा बदलल्या तरी या प्रकरणाचा साचा फारसा बदललेला नाही. आधी व्याख्या, 'चल म्हणजे स्मृतीतला एक डबा'. मग प्रकारांचा तक्ता : पूर्णांक, दशांश संख्या, मजकूर, सत्य-असत्य. शेवटी गाळलेल्या जागा. विद्यार्थी तक्ता पाठ करतो, गुण मिळवतो आणि स्वतः चार ओळींची आज्ञावली लिहायला बसला की अडतो. हा दोष विद्यार्थ्याचा नसून प्रकरणाच्या मांडणीचा आहे असे मला वाटते. तो नेमका कोठे आहे, ते पाहू.

पहिली अडचण बरोबरच्या चिन्हाची. बीजगणितात क्ष + ३ = १० असे लिहिले, की क्षची किंमत ७ हे ठरलेले असते. ती आपल्याला ठाऊक नसेल, पण ती बदलत नाही. तोच विद्यार्थी संगणकाच्या तासाला क्ष = क्ष + १ असे पाहतो. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला तर शून्य बरोबर एक! 'हे चूक आहे' असे तो म्हणाला, तर गणिताच्या दृष्टीने त्याचेच खरे आहे. पुस्तक मात्र या शंकेची दखल न घेता पुढच्या उदाहरणाकडे वळते.

वास्तविक या चिन्हाची गोष्ट सांगायला पाच मिनिटे पुरतात. समानतेसाठी = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली वापरले. चारशे वर्षांनी, १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत तेच चिन्ह वेगळ्या कामाला लावले गेले : 'उजवीकडचे उत्तर काढ आणि ते डावीकडच्या नावाखाली ठेव'. हे विधान नव्हे, ही आज्ञा आहे. १९६४ सालच्या बेसिकमध्ये ओळीच्या आरंभी 'लेट' हा शब्द असे, त्यामुळे आज्ञेचा सूर निदान कानांवर पडे. निकलाउस विर्थ यांनी १९७० साली पास्कल ही भाषा शिकवण्यासाठी म्हणून तयार केली. तिच्यात त्यांनी आधीच्या अल्गोल भाषेप्रमाणे := हे निराळे चिन्ह ठेवले. सी आणि पायथन यांत मात्र पुन्हा साधे = आहे. तेव्हा हा खुलासा करण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

दुसरी अडचण डब्याची. ही उपमा सोपी आहे आणि सी भाषेपुरती बरीचशी खरीही आहे. पण डब्यातून लाडू काढला की डबा रिकामा होतो. संगणकात ब = अ असे लिहिल्यावर अ रिकामा होत नाही. डब्यात एकावर एक लाडू ठेवता येतात. चलात नवी किंमत आली की जुनी नाहीशी होते. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल शिकवताना पुस्तके दूध आणि पाण्याचे पेले आणतात आणि तिसरा रिकामा पेला लागतो असे सांगतात. निष्कर्ष बरोबर, पण कारण चुकीचे. पेल्यांत दूध आणि पाणी मिसळेल अशी भीती असते. संगणकात काहीच मिसळत नाही. अ = ब म्हटल्याबरोबर अची जुनी किंमत पुसली जाते. मग ब = अ म्हटले, तरी दोन्हीकडे बचीच किंमत राहते.

याहून जवळची वस्तू वर्गातच आहे. फळ्यावर एक चौकट काढा आणि तिच्यावर नाव लिहा. चौकटीतला आकडा कितीही वेळा वाचा, तो जात नाही. नवा लिहायचा तर जुना डस्टरने पुसावा लागतो. एका विद्यार्थ्याने आज्ञावलीची एकेक ओळ वाचावी, दुसऱ्याने फळ्यावर तेवढाच बदल करावा. संगणक नसलेल्या शाळेतही हे करता येते.

या उपमेलाही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. पायथनमध्ये नाव हे चौकटीपेक्षा वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीसारखे असते. अ ही १ आणि २ या आकड्यांची यादी आहे; ब = अ म्हटले; मग बच्या यादीत ३ वाढवला. आता अ पाहिली तर तीतही ३ दिसतो, कारण यादी एकच आहे आणि तिला चिठ्ठ्या दोन आहेत. पायथन शिकवताना डब्याचीच उपमा शेवटपर्यंत चालवणारे पुस्तक विद्यार्थ्याला येथे तोंडघशी पाडते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव प्रकारांच्या तक्त्यात आहे. पूर्णांकाला दोन बाइट, मर्यादा −३२७६८ ते ३२७६७, असे कित्येक तक्त्यांत दिलेले असते. डॉसवरच्या टर्बो सीपुरते ते खरे होते. आजच्या बहुतेक सी संकलकांत पूर्णांक चार बाइटांचा असतो आणि पायथनच्या पूर्णांकाला अशी ठरावीक मर्यादाच नाही. एका यंत्राची माप-पट्टी निसर्गनियमासारखी पाठ करून घेण्यात काय हशील? मर्यादा असते आणि ती ओलांडली तर काय होते, हे सांगावे. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांच्या दशांश रूपातली एक मोठी किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याचा प्रयत्न फसला आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. आज्ञावलीचा तो भाग एरियन-४ साठी लिहिलेला होता. त्या रॉकेटची तेवढी मोठी किंमत कधी येत नसे.

पण प्रकार म्हणजे केवळ आकारमान नव्हे. या माहितीवर कोणत्या क्रिया करण्यात अर्थ आहे, हे प्रकाराने ठरते. शिक्षकांना याचा अनुभव एक्सेलमध्ये रोज येतो. ००४५ हा बैठक क्रमांक लिहिला की तेथे नुसते ४५ उरतात. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण संख्येचे पंधराच अंक जपले जातात. शिष्यवृत्तीच्या यादीत असा एक अंक बदलला, तर त्या मुलाचे पैसे अडकतात. २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने 'सेप्ट-१' सारखी काही नावे बदलल्याचे जाहीर केले, कारण तक्त्याची आज्ञावली त्यांना सप्टेंबरची तारीख समजत असे. म्हणून तक्त्याआधी एक प्रश्न विचारावा : 'या दोन गोष्टींची बेरीज करण्यात अर्थ आहे का?' दोन मुलांच्या गुणांची बेरीज होते. दोन पिनकोडांची होत नाही, म्हणजे पिनकोड अंकांत लिहिला तरी तो मजकूर आहे. दोन तारखांची बेरीज निरर्थक, पण वजाबाकी केली तर दिवस मिळतात, म्हणजे तारीख हा निराळाच प्रकार आहे. एवढे झाल्यावर तक्ता पाठ करावा लागत नाही.

प्रयोगासाठी पायथन ३ सोयीचे आहे. त्यात चलांना 'गुण', 'वय' अशी देवनागरी नावे देता येतात, आज्ञावलीत थेट लिहायचे अंक मात्र इंग्रजी लागतात. विद्यार्थ्याने कळफलकावरून दिलेले उत्तर पायथन नेहमी मजकूर म्हणून घेते. त्यामुळे ५ आणि ३ दिले आणि अधिक चिन्ह वापरले, तर उत्तर ५३ येते. दोन्हींचे पूर्णांकात रूपांतर करून पुन्हा बेरीज केली की ८ येतात, आणि रूपांतर करताना देवनागरी अंकही चालतात. ५३ का आले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

नवे पुस्तक येईपर्यंत शिक्षकांनी निदान परीक्षेतला प्रश्न बदलावा. 'चल म्हणजे काय?' याऐवजी पाच ओळींची आज्ञावली द्यावी आणि प्रत्येक ओळीनंतर चौकटीत काय आहे ते लिहायला सांगावे. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे आपण सारेच जाणतो.