चंद्रपूरची राख आणि आपले वाङ्मय

चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभे राहते ते अरण्य. हे अरण्य त्याला बव्हंशी ग्रंथांनीच दिले आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध-नागझिऱ्याच्या निमित्ताने पूर्व विदर्भातील पाखरे, वृक्ष आणि त्यांची स्थानिक नावे मराठी गद्यात आणली. डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ने हेमलकशाची कहाणी घरोघरी पोहोचवली. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीने माडिया माणसाला ठेकेदार आणि वनखात्याचे कर्मचारी कसे नागवतात, हे कोणताही गोडवा न लावता दाखवले. या लेखकांचे ऋण मोठे आहे आणि ते फेडून टाकण्याची घाई आम्हांस नाही. परंतु हे सारे एका रांगेत ठेवून वाचले म्हणजे एक उणीव जाणवते. यांत झाडी आहे, पाणवठा आहे, उपेक्षित माणूस आहे. चंद्रपूर शहर मात्र नाही. आणि त्या शहराची राख तर मुळीच नाही.

राख म्हणतो ती अक्षरशः राखच. १९८२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास चंद्रपूरलगत दुर्गापूर येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहत होते. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण फार; हजार टन कोळसा जाळला की साधारण तीन-चारशे टन राख मागे उरते. ती पाण्यात कालवून नळांनी विस्तीर्ण तलावात सोडायची, ही जुनी रीत. त्या तलावाला तिकडे ‘ॲश बंड’ म्हणतात. उन्हाळ्यात तलाव वाळला की तीच राख वाऱ्यावर स्वार होते, आणि पावसाळ्यात बांध पाझरला की ओढ्यानाल्यांत उतरते. ज्या इरई नदीवरील धरणाचे पाणी या केंद्राला लागते, तेच शहरालाही प्यावे लागते. भोवती उघड्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची मोजदाद केली तेव्हा ८३.८८ गुणांनिशी चंद्रपूर चौथे आले. गोंड राजांच्या परकोटातले हे गाव परकोटाबाहेर पसरत गेले. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सव्वातीन लाखांच्या घरात होती आणि त्याच वर्षी तेथे महानगरपालिका आली.

इतके सारे ज्या भूमीत घडले, तिच्याविषयी ललित गद्य का नसावे? आमच्या मते दोष आपल्या निसर्गलेखनाच्या घडणीत आहे. त्या लेखनाला एकाकी, तल्लीन असा पाहणारा लागतो आणि पाहण्याजोगे काही सुंदर लागते. राखेपाशी तल्लीन कोण होणार? दुसरीकडे आपल्या सामाजिक कादंबरीला खलनायक लागतो. ठेकेदार सापडतो; परंतु ज्या विजेवर मुंबईतील आणि आपल्याही घरातील दिवे लागतात, तिचा खलनायक कोणाला ठरवायचे? लेखक येथे अडखळतो आणि विषय कार्यालयातील कागदांवर सोडून देतो.

मग शब्दही कागदांचेच चालतात. उघड्या खाणीत कोळशावरची माती, मुरूम आणि त्यांवर उभी असलेली झाडे यांना मिळून ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. म्हणजे वरचा बोजा. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी जमीन, ती कोळशाच्या दृष्टीने ओझे! एका टन कोळशासाठी असले अनेक पट ओझे उपसून रचले जाते, आणि वर्धेच्या खोऱ्यात पठारी मुलखात त्याचे कृत्रिम डोंगर दिसतात. एखाद्या कवीला हा शब्द सुचला असता तर आपण त्याला क्रूर म्हटले असते.

दुसरा शब्द आपल्याच भाषेतला आहे : ‘झुडपी जंगल’. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून तो १९५६ नंतर आपल्याकडे आला. गुरे चारण्याच्या, खुरट्या झुडपांच्या जमिनींची ही नोंद नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आढळते. महसूल खात्याला ते झुडूप, वनखात्याला ते जंगल. या दोन अर्थांच्या फटीत शाळा बांधल्या गेल्या, स्मशाने झाली, घरे व सरकारी इमारती उभ्या राहिल्या. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ प्रमाण मानला. पुढे २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच होय, असा निर्णय दिला आणि १९९६ पूर्वी दिलेल्या जागा नियमित करण्याची वाट शासनाला दाखवली. एका विशेषणासाठी पिढ्या खर्ची पडल्या. वसईकडील वाचकांना याचे नवल वाटू नये. विकास आराखड्यात हिरवा रंग पिवळा झाला म्हणजे काय होते, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर मिलिंद बोकील यांची दोन पुस्तके आम्हांस विशेष वाटतात : ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि ‘कहाणी पाचगावची’. पहिले गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले, दुसरे चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातले. बोकील कादंबरीकार आहेत, तरी येथे त्यांनी वर्णनाचा मोह आवरला आहे. त्यांना जंगल कसे दिसते यापेक्षा जंगलाविषयी निर्णय कसा होतो, यात रस आहे. अभ्यासगटात विषय कसा घोळतो, सर्वांचे एकमत होईपर्यंत ग्रामसभा कशी थांबते, हे ते सावकाश सांगतात. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे तेथील बांबू कागद गिरणीकडे जात असे. (मराठीतील किती पुस्तके अशा बांबूच्या कागदावर छापली गेली असतील, हा विचार आम्हांस वाचताना सुखाने बसू देत नव्हता.) पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या गावाने हाती पैसा आणणारी तेंदूपत्त्याची तोड बंद केली, कारण तीपायी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात. जमिनीच्या वापराविषयीचे इतके स्पष्ट गद्य मराठीत विरळा.

आमची तक्रार एवढीच की लेखणी गावाच्या शिवेपाशी थांबते. काहीशे माणसांचे एकमत होऊ शकते. सव्वातीन लाखांच्या शहराने राखेविषयी एकमत कसे करावे? पाचगाव आपल्या झाडांची पाने राखते, परंतु वाऱ्याला शीव नसते. बोकिलांची पद्धत शहराला लावून पाहणारे तिसरे पुस्तक व्हायला हवे होते. त्याला सामग्री भरपूर आहे. राखेपासून विटा व सिमेंट करता येते; १९९९ च्या अधिसूचनेने त्याची सक्ती सुरू केली, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरण्याचे बंधन घालून प्रदूषण करणाऱ्यावर खर्च टाकला. कागदावरील या आज्ञेचे त्या तलावाकाठच्या गावात काय होते, ही कथा सांगायला लेखकच हवा.

गडचिरोलीत तर नवा अध्याय सुरू झाला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर निघू लागले आणि कोनसरीला कारखाना आला. खाणपट्ट्याच्या करारात तो डोंगर ३४८ हेक्टर आहे. तेथील आदिवासींच्या बोलण्यात तो ठाकुरदेवाचा डोंगर आहे, आणि जानेवारीत तेथे यात्रा भरते. चंद्रपूरविषयी चाळीस वर्षे जे लिहायचे राहिले, ते सुरजागडविषयी आजच, ढिगारे अजून लहान आहेत तोवर, लिहिता येईल.