अल्झायमर-विकारावरील नवी प्रतिपिंडे : सिद्धतेचे परीक्षण

१

म्हातारपणी विसर पडावयाचाच, ही समजूत मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने तिला जणू नियमाचेच स्वरूप दिले. वार्धक्य आणि विकार यांच्यामधील सीमारेषा ज्या निरीक्षणामुळे स्पष्ट होऊ लागली, ते आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याचे होय. १९०१ मध्ये फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णालयात दाखल झालेली त्यांची रुग्ण अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूच्या छेदांत त्यांना दोन गोष्टी आढळल्या : पेशींच्या बाहेर साचलेल्या पदार्थाचे साठे, आणि पेशींच्या आत गुंतागुंत झालेले तंतू. त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले; १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले.

नाव मिळाले, परंतु शतकभरात उपाय मिळाला नाही. त्यामुळे लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या दोन औषधांविषयी २०२२ व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांचे जगभर उत्साहाने स्वागत झाले, यात नवल नाही. विकाराची गती मंदावते असा या अहवालांचा दावा आहे. तो दावा नेमका काय सांगतो, कोणत्या मापाने सांगतो आणि त्या मापातील यश रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचते काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. प्रचलित चर्चेत ते एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. त्यांची फोड करणे हा या परीक्षणाचा हेतू आहे.

२

या औषधांमागील उपपत्ती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पेशींबाहेरील साठ्यांचा मुख्य घटक असलेले अमिलॉइड-बीटा हे लहानसे प्रथिन १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी वेगळे केले. १९९२ मध्ये हार्डी व हिगिन्स यांनी असे प्रतिपादन केले की, या प्रथिनाचा संचय हाच विकाराचा आरंभ असून तंतूंची गुंतागुंत, पेशींचा नाश व स्मृतिभ्रंश हे त्याचे क्रमाने होणारे परिणाम होत. काही मोजक्या कुटुंबांत ऐन मध्यम वयात हा विकार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, आणि तेथे याच प्रथिनाच्या निर्मितीशी संबंधित जनुकांत बदल झालेला आढळतो. उपपत्तीला मिळालेला हा आधार भक्कम आहे, यात शंका नाही.

परंतु आरंभाचे कारण आणि पुढील वाटचालीचे कारण एकच असले पाहिजे, असे नाही. ठिणगीने लागलेली आग ठिणगी विझविल्याने विझत नाही. ही शंका केवळ तार्किक नव्हती. अमिलॉइडविरुद्ध तयार केलेल्या पहिल्या लसीचा प्रयोग काही रुग्णांच्या मेंदूस दाह झाल्यामुळे २००२ मध्ये थांबवावा लागला. त्या प्रयोगातील काही रुग्णांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काहींच्या मेंदूतील साठे जवळजवळ नाहीसे झाले होते. तरीही ते रुग्ण मृत्यूपूर्वी गंभीर स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेला पोहोचले होते. २०१० मध्ये सेमागॅसेस्टॅट या औषधाचा प्रयोग रुग्णांची अवस्था अधिकच बिघडू लागल्यामुळे बंद झाला. पुढे बापिन्यूझुमॅब आणि सोलानेझुमॅब ही प्रतिपिंडेही मोठ्या प्रयोगांत अपयशी ठरली. प्रत्येक अपयशानंतर एक स्पष्टीकरण पुढे आले : औषध उशिरा दिले गेले, मात्रा अपुरी होती, किंवा निवडलेल्या रुग्णांपैकी अनेकांना हा विकारच नव्हता. यांतील काही स्पष्टीकरणे वाजवी होती, आणि नंतरचे प्रयोग त्यांच्यामुळेच अधिक काटेकोर झाले, हेही मान्य केले पाहिजे.

३

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अडुकानुमॅबचे आहे. या औषधाचे दोन समांतर प्रयोग यशाची शक्यता उरली नाही असे ठरवून मार्च २०१९ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिक माहितीच्या आधारे फेरगणित करून, दोहोंपैकी एका प्रयोगात लाभ दिसतो असे उत्पादकांनी जाहीर केले. दुसऱ्यात तो दिसत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञ-समितीतील एकाही सभासदाने हा पुरावा पुरेसा मानला नाही. तरीही जून २०२१ मध्ये औषधास त्वरित मान्यता मिळाली. ती रुग्णाला झालेल्या लाभाच्या आधारे दिलेली नव्हती. मेंदूतील अमिलॉइड कमी होते, आणि त्यावरून लाभ होण्याचा वाजवी संभव आहे, एवढाच तिचा आधार होता. समितीच्या तीन सभासदांनी राजीनामे दिले. वर्षाला ५६,००० डॉलर ही आरंभीची किंमत पुढे निम्म्यावर आणली गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये उत्पादकांनी हे औषध मागे घेण्याचे जाहीर केले.

येथे झालेली चूक पद्धतीची होती. जे सिद्ध करावयाचे होते, म्हणजे साठे कमी झाल्याने रुग्ण सावरतो, तेच गृहीत धरून त्याच्या आधारे निर्णय देण्यात आला. साध्यालाच हेतू बनविण्याचा हा दोष न्यायशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे.

४

लेकानेमॅबच्या प्रयोगावर हा आक्षेप घेता येत नाही. त्याची रचना अधिक निर्दोष असून त्यात रुग्णाच्या अवस्थेचेच मापन मुख्य मानले होते. विकाराच्या आरंभीच्या अवस्थेतील १,७९५ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध आणि दुसऱ्यास निष्क्रिय द्रव, असा क्रम १८ महिने चालला. कोणास काय मिळते, हे रुग्णांना वा परीक्षकांना सांगितलेले नव्हते. औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतील अमिलॉइड निःसंशय घटले. मुख्य मापनावर त्यांची अवस्था सरासरी १.२१ गुणांनी खालावली, तर दुसऱ्या गटाची १.६६ गुणांनी. हा ०.४५ गुणांचा भेद केवळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती.

या भेदाचा अर्थ लावण्यासाठी ते माप कसे बनले आहे, हे पाहणे अवश्य आहे. या श्रेणीत स्मरण, स्थलकालाचे भान, विवेकबुद्धी, समाजातील व्यवहार, घरातील कामे व छंद, आणि स्वतःची निगा अशी सहा अंगे आहेत. रुग्णाशी आणि त्याच्या निकटच्या माणसाशी बोलून परीक्षक प्रत्येक अंगास शून्य ते तीन गुण देतो. बेरीज जास्तीत जास्त १८ होते, आणि ती जितकी अधिक, तितकी अवस्था वाईट. कोणत्याही अंगात एका पायरीचा बदल नोंदवावयाचा, तर तो निदान अर्ध्या गुणाचा असतो. म्हणजे दोन्ही गटांतील सरासरी भेद हा एका व्यक्तीच्या बाबतीत नोंदविता येणाऱ्या लहानात लहान बदलाहूनही किंचित कमी आहे. गटाची सरासरी पायरीपेक्षा लहान असू शकते, आणि काही रुग्णांना अधिक तर काहींना मुळीच लाभ झालेला नसणे शक्य आहे, हे खरेच. परंतु समोरील विशिष्ट रुग्ण कोणत्या वर्गात मोडेल, हे ही सरासरी सांगत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वैद्याला रुग्णामध्ये अर्थपूर्ण वाटेल असा बदल याच श्रेणीवर अवस्थेनुसार एक ते दोन गुणांचा असल्याचे आढळले होते. ती मर्यादा एका व्यक्तीत होणाऱ्या बदलाची असून दोन गटांच्या सरासरीतील अंतराला ती जशीच्या तशी लावणे योग्य नाही, असा प्रतिवाद समर्थक करतात. तो ग्राह्य धरला, तरी ०.४५ चा अर्थ काय, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावरच राहते.

५

ही जबाबदारी टाळण्याचे काम दोन शब्दांनी केले आहे.

पहिला शब्द ‘लक्षणीय’. संख्याशास्त्रात भेद लक्षणीय आहे असे म्हणताना तो योगायोगाचा नसावा, एवढेच अभिप्रेत असते. व्यवहारातील मराठीत मात्र लक्षणीय म्हणजे सहज लक्षात येण्याजोगा, मोठा. रुग्णसंख्या पुरेशी वाढविली तर अतिसूक्ष्म भेदही पहिल्या अर्थाने लक्षणीय ठरतो. वर्तमानपत्रांतील वाचक तो शब्द दुसऱ्या अर्थाने वाचतो, आणि लिहिणाराही त्याला सावध करीत नाही.

दुसरा शब्दप्रयोग ‘२७ टक्क्यांनी मंदावले’. ०.४५ हे १.६६ चे २७ टक्के होत, म्हणून गणित अचूक आहे. परंतु तोच भेद १८ गुणांच्या श्रेणीशी ताडला तर अडीच टक्के होतो. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांतून जो मोठा दिसतो, तोच मथळ्यात का येतो, याचा विचार वाचकाने करावा. शिवाय ‘मंदावले’ या क्रियापदात असे सूचित होते की हा वेग पुढेही तसाच राहील आणि अंतर वाढत जाईल. तसे होणे शक्य आहे. परंतु ज्याची निष्क्रिय द्रवाशी तुलना झाली तो काळ १८ महिन्यांचा आहे, त्यापुढचा नव्हे.

आणखी एक अडचण आहे. औषध शिरेतून देताना होणारी प्रतिक्रिया औषध-गटात २६.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.४ टक्के रुग्णांत आढळली. मेंदूस सूज आल्याचे चित्रणात दिसले, तर ते रुग्णास व कुटुंबीयांस कळणारच. आपणांस खरे औषध मिळत आहे असा तर्क ज्यांना करता आला, त्यांच्याच सांगण्यावर गुण अंशतः अवलंबून होते. सूज आल्यानंतरच्या नोंदी वगळूनही निष्कर्ष टिकतो, असे अहवालकर्त्यांनी दाखविले आहे, आणि ते त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. परंतु भेद इतका लहान असता अशा शंकेला उरणारी थोडी जागाही मोठी ठरते.

६

लाभाच्या पारड्यासमोर हानीचे पारडे ठेवावयास हवे. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. निष्क्रिय गटात हे प्रमाण १.७ टक्के होते. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, औषध-गटातील २.८ टक्के रुग्णांत मात्र लक्षणे उद्भवली. ज्यांच्यात एपीओई-४ या जनुकरूपाच्या दोन प्रती होत्या, त्यांच्यात सुजेचे प्रमाण ३२.६ टक्क्यांपर्यंत गेले. १,७३६ रुग्णांवरील डोनानेमॅबच्या प्रयोगात लाभ थोडा अधिक, सुमारे ०.७ गुणांचा दिसला. परंतु सुजेचे प्रमाणही २४ टक्के होते, आणि तीन मृत्यूंचा संबंध औषधाशी जोडण्यात आला.

याच पुराव्यावरून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे निर्णय घेतले. लेकानेमॅबला अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. युरोपीय औषध-संस्थेच्या समितीने जुलै २०२४ मध्ये नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये फेरविचार करून ज्यांना त्या जनुकरूपाच्या दोन प्रती नाहीत त्यांच्यापुरती अनुकूलता दर्शविली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी औषध-नियामकाने परवानगी दिली, आणि सार्वजनिक आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने खर्चाच्या मानाने लाभ अपुरा असल्याचे आपल्या मसुद्यात म्हटले. आकडे सर्वांपुढे तेच होते. किती लाभासाठी किती धोका आणि किती खर्च पत्करावा, याचे उत्तर आकड्यांत नव्हते.

७

भारतीय संदर्भात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. डोनानेमॅबच्या प्रयोगातील ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण श्वेतवर्णीय होते. त्यावरून काढलेले लाभहानीचे प्रमाण येथे तसेच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही.

मापनाचा प्रश्नही येथे नव्याने उभा राहतो. छंद, समाजव्यवहार, हिशेब यांवर आधारलेली श्रेणी निरक्षर शेतकरी स्त्रीला किंवा एकत्र कुटुंबात कामे सुनांवर सोपविलेल्या वृद्धेला लावताना, काय विसरले आणि काय कधी करावेच लागले नाही, हे निवडून काढणे कठीण आहे. हरियाणातील बल्लभगड येथे अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी मुद्दाम रचावी लागली, ती याच कारणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बहुभाषिक चाचणी-संच तयार केला, तेव्हा त्यात आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती. ०.४५ गुणांचा भेद मोजण्याइतके सूक्ष्म माप मराठी रुग्णासाठी आधी सिद्ध व्हावयास हवे. अर्ध्या गुणाचा भेद भाषांतरातील एका अनुचित प्रश्नानेही पडू शकतो.

८

या प्रयोगांना निष्फळ म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक दशकांच्या अपयशानंतर अमिलॉइड हटविल्याने रुग्णाच्या अवस्थेत काही फरक पडतो, हे त्यांनी प्रथमच बऱ्यापैकी खात्रीने दाखविले. हार्डी व हिगिन्स यांच्या उपपत्तीला त्यामुळे बळ मिळाले, आणि त्याचबरोबर तिची मर्यादाही उघड झाली. साठे बहुतांशी नाहीसे होऊनही ऱ्हास चालूच राहतो, तो केवळ थोडा हळू होतो. म्हणजे कारणपरंपरेतील बराच भाग अजून अज्ञात आहे. शास्त्रदृष्ट्या हा मोलाचा निष्कर्ष आहे. उपचार म्हणून त्याचे मोल ठरविणे ही मात्र स्वतंत्र गोष्ट आहे, आणि पहिल्याचे वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकणे योग्य नव्हे.

ज्या घरात आईला आपल्या मुलाचे नाव आठवेनासे होते, ते घर टक्केवारी वाचत नाही. ते आशा वाचते. म्हणूनच असे अहवाल मराठीत मांडणाऱ्याने भेद कोणत्या मापावर आणि किती गुणांचा आहे, तुलना किती काळ चालली, आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला ते समोरच्या रुग्णासारखे होते काय, एवढ्या तीन गोष्टी मथळ्याच्या आधी सांगितल्या पाहिजेत. त्या सांगितल्यावर काही कुटुंबे हे उपचार घेतील आणि काही घेणार नाहीत. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात. अट एवढीच की ते ०.४५ या आकड्याचा अर्थ समजून घेतलेले असावेत.