बावन्न माणसांचं बिऱ्हाड

एकट्या माणसानं उभं राहून लोकांना हसवायचं, याला हल्ली ‘स्टँड-अप’ म्हणतात. आम्हां नायगावकरांना या नावाचं फारसं अप्रूप नाही. आमचा जन्मच लोकलमध्ये उभं राहण्यात गेला. पण माईक हातात धरून आपली बायको, आपला बॉस नि आपलं सुटलेलं पोट यांवर तासभर बोलणारी तरुण मंडळी पाहिली, की मला डॉ. लक्ष्मण देशपांडे आठवतात. त्यांच्या तीन तासांत त्यांच्या स्वतःच्या पोटाचा उल्लेख कुठंही नाही.

हे गृहस्थ मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 1979 साली ते ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घेऊन उभे राहिले. (आमच्या एका शेजाऱ्यांची अजून समजूत अशी, की अमरावती-अकोल्याकडची मंडळी लंडनला जातात. ‘तो वऱ्हाड नव्हे हो, हे लग्नाचं वऱ्हाड!’ असं मी त्यांना तीनदा सांगितलं. ‘मग अमरावतीचं का नाही?’ हा त्यांचा प्रश्न शिल्लकच आहे.) खेड्यातलं अख्खं गणगोत मुलाच्या लग्नाला विमानानं विलायतेला जातं, एवढीच गोष्ट. पात्रं 52, माणूस एक. गिनीज बुकानं त्याची दखल घेतली, आणि तेव्हापासून जो तो 52चा आकडाच सांगत बसतो. मला या आकड्याचा राग येतो. आवाज काढणारे पुष्कळ असतात हो! आमच्या गाडीत एकजण कोंबड्यापासून गार्डाच्या शिट्टीपर्यंत सगळं काढतो, पण त्याचं नाटक होत नाही.

एकपात्रीतली खरी अडचण बोलण्याची नसतेच, ऐकण्याची असते. एक पात्र बोलत असताना दुसरं रागावलेलं पात्र समोरच्या रिकाम्या जागेत उभं राहायला हवं. लक्ष्मणराव मान वळवायचे, आणि ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस तिथं फुगून बसलेला दिसायचा. अंगावरचे कपडे तेच, पण मानापमान मात्र बावन्न जणांचे! नायगावहून विरारला रुखवत घेऊन लोकलनं निघालेलं वऱ्हाड ज्यानं पाहिलंय त्याला यातलं मर्म कळेल. गाडी बदलते, रुसवे तेच राहतात.

पुलंनी 1961 पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली होती, त्यामुळे एकपात्री प्रयोग प्रेक्षकांना नवा नव्हता. नवी होती ती भाषा. वगनाट्याचा प्रांत सोडला तर आपल्या नाटकांत बोली बहुधा गड्याच्या तोंडी, आणि तीही त्याला हसण्यापुरती. इथं मराठवाड्याची बोली घरच्या कर्त्या माणसासारखी मधोमध बसली. आमच्या पट्ट्यात आगरी, वाडवळी, कादोडी घरी बोलायची नि चर्चगेटच्या कचेरीत शिरताना चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची, हा रिवाज. त्या मराठवाडी हेलाला आमचा आगरी माणूस दाद देतो, ती उगीच नव्हे.

सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. खेडूत आणि विमान एकत्र आलं की हशा आपोआप पिकतो, आणि लक्ष्मणराव तिथं जरा जास्तच रेंगाळतात. पण ते गावकऱ्यांना सोडून प्रेक्षकांच्या रांगेत येऊन बसत नाहीत. हसतानाही ते त्या वऱ्हाडातलेच असतात.

2009 साली ते गेले. एकपात्री प्रयोग नटाबरोबरच जातो, असा आपला अनुभव. पण पुढं माजलगावच्या संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा विमानात बसवलं. म्हणजे नकलांखाली नाटकही होतं तर! पहिली दहा मिनिटं प्रेक्षक जुना आवाज शोधत असतो. मग बबन्या बोलायला लागतो आणि तो शोध राहून जातो.