तारे दोनच कशावरून?

लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये सांगितलेली कसोटी भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. विवर्तनामुळे दुर्बिणीत ताऱ्याचा बिंदू उमटत नाही, छोटी तबकडी उमटते. एका तबकडीचं केंद्र दुसरीच्या पहिल्या काळ्या कड्यावर आलं, की दोन तारे जेमतेम वेगळे दिसतात. जुलिआनो तोराल्दो दि फ्रान्चिया या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९५५ साली ‘विभेदनक्षमता आणि माहिती’ हा शोधनिबंध लिहिला. त्याच्या मुळाशी एक निरागस वाटणारी शंका आहे: तारे दोनच आहेत, हे आधी कुणी सांगितलं?

शॅननचा माहिती सिद्धान्त येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. त्याची दृष्टी इथे प्रकाशशास्त्राला लाभते आणि युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो. भिंगाचं तोंड मर्यादित, म्हणून अतिसूक्ष्म तपशील आत येतच नाहीत. त्यामुळे प्रतिमेचं वर्णन मोजक्या स्वतंत्र आकड्यांत संपतं. वस्तूच्या वर्णनाला मात्र अनंत आकडे लागतात. मग एकाच प्रतिमेमागे अनेक वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. लेखक एवढ्यावर थांबत नाही. सुसंगत प्रकाशात अशा वस्तू किती सहज रचता येतात, तेही दाखवतो.

मग निबंधाचा कळस येतो: पाहणाऱ्याजवळ आधीच अनंत माहिती नसेल, तर दोन बिंदू वेगळे ओळखणं अशक्य आहे. ‘अनंत’ इथे अलंकार म्हणून आलेलं नाही. उरलेल्या अगणित शक्यता बाद करायच्या, तर तेवढी माहिती लागणारच. ‘दोन बिंदू आहेत’ हे गृहीतक ते काम गुपचूप करत होतं. यात रॅलेंचा अवमान नाही. खगोलशास्त्रज्ञाचं पूर्वज्ञान खरंच असतं. निबंध फक्त त्याचा हिशेब मांडतो. काचेच्या गुणांच्या चर्चेत पाहणारा माणूसही मोजला जातो, हेच मला या लेखनाचं खरं सौंदर्य वाटतं.

एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा हाच विचार कामी आला. मोजमापं अपुरी होती, त्यांच्याशी जुळणारी चित्रं अनेक होती. म्हणून चार गटांनी एकमेकांपासून अलग राहून प्रतिमा घडवल्या. प्रत्येकात कडं उमटलं, म्हणून त्यावर विश्वास ठेवता आला.

प्रतिमा किती रेखीव, यावर उपकरणाची पारख होऊ नये. तिने किती शक्यता बाद केल्या, आणि किती आपणच आधी बाद करून बसलो होतो, हे वेगळं मोजावं. हा प्रामाणिकपणा तोराल्दो दि फ्रान्चिया यांनी गणितातून मिळवला, म्हणून तो टिकला.