जुनापाणीचीं शिलावर्तुळें आणि ‘गवळी’

नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें सुमारें १० किलोमीटर गेल्यावर जुनापाणीचा माळ लागतो. मोठमोठे काळे धोंडे वर्तुळाकार मांडलेले व आंत दगडगोट्यांची आणि मातीची भर घातलेली, अशीं सुमारें ३०० वर्तुळें तेथें आहेत. कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीनें पाडलेले आहेत. ते पाहावयाचे तर सकाळचें तिरपें ऊन साधावें. हीं वर्तुळें गवळ्यांचीं, अशी त्या बाजूची जुनी समजूत आहे.

या समजुतीचें मोल काय, हा आमचा प्रश्न. कोणी ती जशीच्या तशी खरी धरून गवळी राजांचा इतिहास रचतात, कोणी ती भाकड म्हणून टाकून देतात. आमच्या मतें दोघेही उतावीळ आहेत.

रिव्हेट-कार्नाक या मुलकी अधिकाऱ्यानें येथें खोदकाम केलें व १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्याचा वृत्तांत दिला. त्याचीं वर्णनें आजही उपयोगाचीं आहेत. अनुमानें तशीं नाहींत. खळग्यांचें ब्रिटनमधील खळग्यांशीं साम्य दिसतांच उभय ठिकाणच्या लोकांचा संबंध जोडण्याकडे त्याचा कल होतो. पण दगडानें दगड ठोकून खळगा पाडण्याची युक्ति कोणासही सुचण्याजोगी आहे. तेवढ्यावरून गोत्र ठरत नाहीं.

पुढें १९६१-६२ सालीं बा. कृ. थापर यांनीं जुनापाणीस व १९७०-७२ मध्यें शां. भा. देव यांनीं जवळच माहुरझरीस शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. विदर्भांतील अशा वर्तुळांतून काळीं-तांबडीं भांडीं, लोखंडी कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम व तांब्याचे अलंकार निघाले. नायकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. हीं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकांतील दफनें होत, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं.

मग गवळी कोठून आले? छिंदवाड्याकडील देवगडची परंपरा अशी कीं, गोंडांच्या जाटबानें गवळी राजांस मारून राज्य घेतलें. म्हणजे गोंडांच्या आधींचें जें जें कांहीं, तें गवळ्यांचें. तमिळ मुलुखांत अशाच थडग्यांस पांडुकुळी म्हणत, आणि कर्नाटकांत हिरेबेणकल येथील दगडी घरें मोरियर नांवाच्या ठेंगू लोकांचीं समजतात. अवशेष एका प्रकारचे, नांवें तीन. ज्या ठिकाणीं लोकांची आठवण संपते, तेथें जो पूर्वज अगर परका हाताशीं असेल त्याचें नांव दगडास चिकटतें. तेव्हां ‘गवळी’ हा शब्द वर्तुळें रचणाऱ्यांविषयीं साक्ष देत नाहीं. गोंड राज्यानंतरचा खेडुत आपल्या मुलुखाचा क्रम कसा लावीत होता, त्याची मात्र ती उत्तम साक्ष आहे.

ही साक्ष नोंदविण्यांत आमच्याकडे हयगय फार. पोथी हातीं आली तर तिचा लेखनकाल, लेखकूचें नांव, अक्षराचें वळण आम्ही टिपतों. दंतकथा मात्र ‘लोक म्हणतात’ एवढ्यावर सोडतों. कोणत्या गांवीं, कोणत्या जातीच्या माणसानें, कोणत्या शब्दांत सांगितली, हें लिहिल्यावांचून तिचा उपयोग नाहीं.

एक काम संग्राहकांच्याच हातचें आहे. नागपूर प्रांतांतील जुन्या सनदा व इनामपत्रें ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं त्यांतील चतुःसीमा पुन्हा वाचाव्या. वर्तुळांच्या दगडांचा गवळ्यांच्या नांवानें उल्लेख एखाद्या मितीच्या कागदांत निघाला, तर ही समजूत निदान त्या मितीइतकी जुनी आहे असें म्हणतां येईल.