शापाला वळण देणारी कृपा

परीकथा म्हणजे लहान मुलांची करमणूक, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यातच शाप, चेटूक, जादू हे शब्द कानी पडले की काही श्रद्धाळू पालकांच्या कपाळाला आठी पडते. अशा कथा ख्रिस्ती घरात सांगाव्यात की नाही? ‘द स्लीपिंग ब्यूटी’, अर्थात ‘निद्रिस्त राजकन्या’, या विख्यात बॅलेच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे आम्हांला उचित वाटते. बॅले म्हणजे संवादांवाचून, नृत्य, मूकाभिनय आणि वाद्यसंगीत यांच्याद्वारे कथा सांगणारे पाश्चात्त्य नृत्यनाट्य.

फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या कथेवर हा बॅले आधारलेला आहे. चायकोव्हस्की यांचे संगीत आणि मारियस पेतिपा यांची नृत्यरचना लाभलेला त्याचा पहिला प्रयोग १८९० साली सेंट पीटर्सबर्ग येथील मारिइन्स्की नाट्यगृहात झाला. त्याचा आरंभ राजकन्या ऑरोराच्या बाप्तिस्म्याच्या सोहळ्याने होतो, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पऱ्या येथे धर्ममाता म्हणून येतात आणि बालिकेला एकेक सद्गुण बहाल करतात. मात्र काराबॉस या परीचे नाव निमंत्रितांच्या यादीतून राहून गेलेले असते. ती संतापून येते आणि टोचणीने बोटाला जखम होऊन राजकन्या मरेल, असा शाप देते. सर्व जण तिची विनवणी करतात, ती हसते. तेव्हा जिचे वरदान अद्याप द्यायचे राहिले आहे, ती लायलॅक परी पुढे येते.

या क्षणी ती काय करते, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. ती शाप पुसून टाकत नाही. मरणाचे ती निद्रेत रूपांतर करते: शंभर वर्षांची निद्रा आणि तिच्या अंती जागृती. टोचणी टोचणारच, रक्त येणारच, मातापित्यांचा आक्रोश टळणार नाही. परंतु शेवटचा शब्द मृत्यूचा असणार नाही. याईराच्या कन्येला प्रभूने मृत न म्हणता निद्रिस्त म्हटले, हे ज्यांना स्मरते त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. कृपा संकट टाळतेच असे नाही, ती संकटाला वळण देते. राजपुत्राचे चुंबन हे या कथेचे मर्म नव्हे. राजपुत्रालाही लायलॅक परीच तेथवर आणते.

हा अर्थ एका पिढीने प्रत्यक्ष अनुभवला. युद्धकाळात लंडनचे रॉयल ऑपेरा हाऊस सार्वजनिक नाचघर बनले होते. २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते पुन्हा उघडले ते याच बॅलेने. निनेट द व्हॅल्वा यांच्या संस्थेने, जिला पुढे १९५६ साली ‘रॉयल बॅले’ हे नाव मिळाले, तो प्रयोग सादर केला. कापडावर नियंत्रण असतानाही ऑलिव्हर मेसेल यांनी राजवाड्याचे वैभव उभे केले. मार्गो फाँटेन ऑरोरा झाल्या. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या नगरीतील प्रेक्षकांना दीर्घ निद्रेतून जागे होणारा राजवाडा परका वाटला नसेल. त्या प्रयोगात काराबॉस आणि राजपुत्र या दोन्ही भूमिका रॉबर्ट हेल्पमन यांनीच केल्या. कारण काहीही असो, शाप घेऊन येणारा आणि जागृती घेऊन येणारा देह एकच होता, हे सूचक आहे.

मेसेल यांच्या त्या मांडणीवर आधारलेला प्रयोग रॉयल बॅलेने २००६ साली, आपल्या पंचाहत्तराव्या वर्षी, पुन्हा रंगभूमीवर आणला. त्याच्या चित्रफितीत अलिना कोजोकारू यांची ऑरोरा आणि मारियानेला नुन्येझ यांची लायलॅक परी पाहावयास मिळते. चार राजपुत्रांना क्रमाने हात देत, एका पायाच्या अंगठ्यावर तोल सावरणारी ऑरोरा म्हणजे तारुण्याच्या उंबरठ्यावरील मूर्तिमंत विश्वास आहे. काही क्षणांतच तिला टोचणी टोचणार आहे, हे आपण जाणतो, म्हणून ते सौंदर्य मनाला चटका लावते.

तथापि या कलाकृतीचे उणेही सांगितले पाहिजे. बाप्तिस्म्याचे नाव आहे, पण ना जल, ना प्रार्थना. उरला आहे तो दरबारी समारंभ. शेवटच्या अंकात कथा संपलेली असते आणि विवाहाच्या निमित्ताने नृत्यांची आतषबाजी चालू राहते. याहून मोठे उणे असे की काराबॉसचा पराभव होतो, परिवर्तन होत नाही. तिचा अपराध घोर आहे. पण तिला डावलले गेले, हेही खरे आहे. त्या जखमेकडे परतून कोणी पाहत नाही.

संगीत मात्र कथेच्या पुढे जाते. काराबॉसची धून ई मायनरमध्ये आहे, लायलॅक परीची ई मेजरमध्ये. आपल्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज एकच. एकीत गंधार कोमल, दुसरीत शुद्ध. द्वेष आणि दया यांचा आधारस्वर एकच असावा, हे चायकोव्हस्की यांनी सुरांतून सुचवले आहे. कथेला जे समेट साधता आले नाही, त्याची शक्यता सुरांनी जिवंत ठेवली आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे, की ही कथा मुलांना अवश्य दाखवावी आणि नंतर त्यांच्याशी बोलावे. काराबॉसला बोलावले असते तर काय झाले असते, हे त्यांना विचारावे. आपल्या घरच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या याद्यांतूनही नावे गळतात. काही विसरल्यामुळे, काही जाणूनबुजून. जुन्या भांडणातला काका, बांधावरून अबोला धरलेला शेजारी, मनाविरुद्ध लग्न केलेली बहीण. प्रभूच्या दाखल्यातील मेजवानीत चव्हाट्यावरच्या लोकांनाही पान वाढले जाते. पुढची यादी करताना एक नाव अधिक लिहिले, तर कुठल्या तरी पाळण्यावरचा शाप उच्चारला जाण्यापूर्वीच विरून जाईल.